न दिसणाऱ्या रंगाचे मोल

पँथेरोफिस गट्टॅटस हे शास्त्रीय नाव असलेला आणि कॉर्न स्नेक म्हणून जगभर पाळला जाणारा बिनविषारी साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला असून, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतची पाइनची राने, पडीक शेते आणि धान्याच्या कोठारांचा परिसर हे त्याचे वसतिस्थान आहे. मराठी वाचकाच्या परिचयाच्या धामणीच्याच कुळातला हा साप मुख्यतः उंदरांवर जगतो, भक्ष्याला वेटोळ्यांत आवळून मारतो, आणि त्याच्या नारिंगी-तपकिरी अंगावरचे काळ्या कडांचे तांबूस डाग त्याला पालापाचोळ्यात लपून राहायला मदत करतात. माणसाच्या घरात आल्यावर या डागांचे प्रयोजन नेमके उलटे झाले. लपण्यासाठी असलेला रंग दाखवण्यासाठी जोपासला जाऊ लागला, आणि ठरावीक नर-मादीची जोडी लावून हवा तो रंग पिढी-दर-पिढी उमटवण्याची एक विद्या, आणि अर्थातच एक बाजारही, या सापाभोवती उभा राहिला. रंग दिसू लागण्यापूर्वी तो कोठे असतो, त्याला दृश्यात आणणाऱ्या माणसाला कर्ता म्हणावे की केवळ निमित्त, आणि रंगाबरोबर जे दुःख वंशात उतरते त्याचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न या विद्येतून उद्भवतात. ते वरवर पाहता छंदाच्या परिघातले वाटले, तरी भारतीय दर्शनांनी आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राने ज्यांचा दीर्घकाळ खल केला त्या प्रश्नांचीच ती रूपे आहेत.

या विद्येचा आरंभ नोंदलेला आहे. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात काळे रंजकद्रव्य मुळीच नसलेला, तांबड्या डोळ्यांचा एक नर रानात सापडला. जॉर्जियातील वाल्डोस्टा येथील एच. बर्नार्ड बेख्टेल यांनी, जे व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ होते, त्याच्यापासून प्रजनन घडवून आणले आणि १९६१ मध्ये बंदिवासात जन्मलेली अशी पहिली पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली. बर्नार्ड आणि एलिझाबेथ बेख्टेल यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणाने हे लक्षण मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी असल्याचे दाखवून दिले. अप्रभावी म्हणजे असे की, प्रत्येक जीवाला एकाच जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक पित्याकडून आणि एक मातेकडून, आणि त्यांपैकी एक जरी प्रत नेहमीची असली तरी अंगावर नेहमीचाच रंग दिसतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तेव्हाच काळा रंग नाहीसा होतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी या बदलाचे मूळ ओसीए-२ या जनुकात शोधले. जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी स्वतःची प्रत घुसवू शकणारा डीएनएचा एक तुकडा तेथे शिरून बसला होता. याच जनुकातील बिघाडाने माणसातही एका प्रकारची वर्णहीनता येते, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

विचाराच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे आहे ते मधले रूप, ज्याच्याजवळ बदललेली एकच प्रत असते आणि म्हणून जे दिसायला रानातल्या सापाहून तसूभरही निराळे नसते. शास्त्रात त्याला विषमयुग्मजी म्हणतात आणि पाळणारे लोक थोडक्यात ‘हेट’ म्हणतात. असे दोन हेट एकत्र आणले तर सरासरीने दर चार पिल्लांत एक वर्णहीन निघते आणि तीन नेहमीच्या रंगाची निघतात. या तिघांपैकी दोन पुन्हा हेट असतात आणि एक पूर्णतः मोकळे, परंतु कोणते कोणते हे पाहून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक पिल्लाला ‘६६ टक्के हेट’ असे विशेषण लावले जाते, आणि त्या विशेषणासाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजते. वस्तुतः ते एकेकटे पिल्लू ६६ टक्के काहीच नसते. ते एक तर वाहक असते किंवा नसते. टक्केवारी ही पाहणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादा आहे, आणि या बाजाराचे वैशिष्ट्य असे की येथे अज्ञानाचेही प्रमाण ठरवून ते किमतीत धरले जाते.

दोन लक्षणे एकत्र आली की हिशेब अधिक बोलका होतो. काळा रंग हरपलेला प्रकार आणि तांबडा रंग हरपलेला प्रकार, जो फ्लोरिडाच्या रानातही आढळतो, यांचा संयोग केला तर पहिल्या पिढीतली सर्व पिल्ले रानटी रंगाची निघतात. त्यांची आपसांत जोडी लावल्यावर सरासरीने सोळांत एक पिल्लू दोन्ही रंगांना मुकलेले, पांढरट गुलाबी निघते, ज्याला पाळणारे ‘स्नो’ म्हणतात. उरलेल्या पंधरांत तीन एका प्रकारची, तीन दुसऱ्या प्रकारची आणि नऊ थेट पूर्वजांसारखी असतात. ज्या रूपाने ही जात निसर्गात टिकून राहिली ते रूप या अंड्यांच्या खेपेत सर्वाधिक संख्येने येते आणि सर्वांत कमी किमतीला जाते. त्या नऊपैकी आठ कोणता ना कोणता रंग पोटात घेऊन असतात, ही गोष्टच त्यांना काहीसा भाव मिळवून देते.

सांख्य दर्शनाचा सत्कार्यवाद येथे आठवल्यावाचून राहत नाही. कार्य हे उत्पत्तीपूर्वीही कारणात सूक्ष्म रूपाने विद्यमान असते, उत्पत्ती म्हणजे केवळ अभिव्यक्ती, असे हे मत असून ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत त्याच्या समर्थनार्थ दिलेल्या पाच कारणांपैकी एक असे आहे की, ज्याला जे कार्य हवे असते तो त्याचेच उपादान, म्हणजे ज्यातून ते घडते ते द्रव्य, शोधतो. वर्णहीन पिल्लू हवे असलेला मनुष्य कोणताही कॉर्न स्नेक न घेता नेमका हेट शोधतो, तेव्हा त्याचे वर्तन या युक्तिवादाला अनुसरूनच असते. न्याय-वैशेषिकांचा आक्षेप मात्र तेवढ्याने मिटत नाही. कार्य आधीच असेल तर कर्त्याचा खटाटोप कशासाठी, असे ते विचारतात, आणि ‘स्नो’ पिल्लाच्या बाबतीत या प्रश्नाला वजन आहे, कारण तो पांढरेपणा ना या पूर्वजात होता ना त्या. दोन अभाव एकत्र आल्यावरच तो प्रथम अस्तित्वात आला. शिवाय डीएनएचा तो तुकडा ओसीए-२ मध्ये कधीतरी पहिल्यांदा शिरला, त्या क्षणाला केवळ अभिव्यक्ती म्हणणे अवघड आहे. जनुकाची प्रत आधीपासून असते, म्हणून सांख्यांचे म्हणणे खरे. अंगावरचे रूप नव्याने घडते, म्हणून नैयायिकांचेही खरे. प्राचीनांना जनुके ठाऊक होती असे यावरून सुचवण्याचा मोह अनेकांना होतो, तो सोडून दिलेला बरा. त्यांनी प्रश्न नेमका मांडला होता, एवढेच श्रेय पुष्कळ आहे.

कर्त्याच्या स्थानाविषयी योगसूत्रांच्या कैवल्यपादात आलेले विवेचन अधिक उपयोगी पडते. एका जातीचे दुसऱ्या जातीत परिणमन कसे होते हे सांगताना पतंजली म्हणतात की ते प्रकृतीच्या आपूरणाने, म्हणजे प्रकृतीच आत भरून येण्याने होते. निमित्त प्रकृतीला चालना देत नाही, ते फक्त अडथळा दूर करते, जसा शेतकरी बांध फोडतो आणि पाणी आपल्याच गतीने खालच्या वाफ्यात उतरते. (पतंजलींना परंपरा शेषाचा अवतार मानते, हा योगायोग सर्पांच्या चर्चेत गमतीचा वाटला तरी त्यावर काही उभारता येणार नाही.) सापांची जोडी लावणारा मनुष्य या अर्थाने निमित्त आहे. रंग तो निर्माण करत नाही, अंड्यात हात घालत नाही, जनुकाला स्पर्श करत नाही. जे दोन जीव रानात कदाचित कधीच भेटले नसते त्यांना हिवाळ्याची कृत्रिम थंडी संपल्यावर एका पेटीत आणतो आणि पुढचे सारे प्रकृती करते. परंतु निमित्त असणे म्हणजे निर्दोष असणे, असा अर्थ या दृष्टांतातून काढता येत नाही. बांध कोठे फोडायचा हे शेतकरीच ठरवतो, आणि खालच्या वाफ्यातले पीक कुजले तर पाणी आपणहून वाहिले असे सांगून तो सुटत नाही.

ज्या प्रदेशात हा साप राहतो तेथील बहुसंख्य लोकांच्या धर्मग्रंथातही रंगासाठी केलेल्या पैदाशीची एक कथा आहे, आणि ती या प्रश्नाला विलक्षण जुळते. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात याकोब आपल्या सासऱ्याकडे, लाबानाकडे, मजुरी म्हणून कळपातली ठिपकेदार आणि कबरी जनावरे मागतो. लाबान ते मान्य करतो आणि त्याच दिवशी तशी सारी जनावरे वेगळी काढून तीन दिवसांच्या वाटेवर पाठवून देतो, जेणेकरून याकोबाजवळच्या एकरंगी कळपातून त्याला काहीच मिळू नये. याकोब सोललेल्या काठ्या पाणवठ्यावर उभ्या करतो आणि त्यांच्यासमोर फळलेल्या शेळ्यामेंढ्यांना ठिपकेदार पिल्ले होतात. काठ्यांचा परिणाम गर्भावर होतो ही समजूत आज कोणी धरत नाही. परंतु लाबानाने दिसणारा रंग दूर नेला आणि न दिसणारा रंग एकरंगी जनावरांच्या पोटात मागेच राहिला, असे या कथेचे वाचन मेंडेलनंतर सहज सुचते. पुढच्या अध्यायात याकोबाला स्वप्न पडते आणि त्यात देवदूत त्याला कळपावर चढणारे नर ठिपकेदार दाखवतो. उघड्या डोळ्यांना एकरंगी असलेल्या नरांचे आतले रूप स्वप्नात दिसले, असाही त्याचा अर्थ लावता येतो. येथे धार्मिक प्रश्नाच्या दृष्टीने विशेष हे की ग्रंथ याकोबाला त्याने निवड केल्याबद्दल दोष देत नाही. बळकट जनावरे एकीकडे आणि दुबळी दुसरीकडे अशी निवड तो उघड स्वार्थाने करतो, आणि तरीही संपत्तीचे श्रेय ईश्वराला देतो.

म्हणूनच ‘हा सृष्टिकर्त्याच्या कामात हस्तक्षेप आहे’ असा जो आक्षेप अशा पैदाशीवर सर्वप्रथम घेतला जातो तो सर्वांत दुबळाही आहे. तो मान्य केला तर गहू, कुत्रा, कबूतर आणि देवळातल्या नैवेद्याचा तांदूळही त्याच दोषाचे धनी ठरतील. बदल निसर्गात आपोआप होतात. बहुतेक वेळा ते नष्ट होतात, कारण लालभडक किंवा पांढरे पिल्लू शिकारी पक्ष्याच्या नजरेत लवकर भरते, आणि पाळणारा त्याला आसरा देतो, असा युक्तिवादही करता येतो. खरा पेच रंगात नाही, रंगाबरोबर जे येते त्यात आहे.

बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या ‘स्पायडर’ नावाच्या प्रकारात हा पेच उघडा आहे. त्या नक्षीबरोबर आतल्या कानाची विकृती येते आणि साप डोके स्थिर धरू शकत नाही. नक्षी हवी असेल तर तोल गमवावा लागतो. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि तेथे नैतिक निर्णय फारसा कठीणही नाही. कॉर्न स्नेकमधले उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘सनकिस्ड’ नावाच्या एका रंगप्रकाराच्या वंशात एक निराळे अप्रभावी जनुक फिरत असल्याचे आढळले, ज्याच्या दोन प्रती मिळालेले पिल्लू विचलित झाले की मान वर वळवते, कलंडते, पाठीवर उलटून सरपटू पाहते. आकाशाकडे पाहिल्यासारखे दिसते म्हणून पाळणाऱ्यांनी त्याला ‘स्टारगेझर’ असे नाव दिले, आणि व्याधीला काव्यमय नाव देण्याची ही रीत जरा खटकणारीच आहे. हा दोष रंगाशी बांधलेला नाही. केवळ त्याच वंशात, त्याच निवडीच्या वाटेने, न दिसता पुढे आला. एक प्रत असलेला वाहक पूर्णपणे निरोगी असतो.

अशा पिल्लावर अन्याय झाला असे म्हणता येईल काय? डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ मधील ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात एक कोडे मांडले आहे. ज्या निर्णयामुळे एखादा जीव दुःखासह जन्मतो तो निर्णय घेतला नसता तर तो जीव जन्मलाच नसता, दुसराच कोणी जन्मला असता. मग त्याचे आयुष्य अगदीच असह्य नसेल तर त्याचे नुकसान झाले असे कोणत्या तुलनेने म्हणावे? या कोड्याची धार जीवाची ओळख त्याच्या जन्माच्या परिस्थितीवर अवलंबून असते या गृहीतात आहे. कर्मसिद्धांताने हे गृहीत मान्य केलेले नाही, कारण तेथे जीव जन्मापूर्वीही असतो आणि त्याला मिळणारे शरीर त्याच्या पूर्वकर्माचे फळ असते. कोडे त्यामुळे सुटते, परंतु दुसरी पळवाट उघडते: पिल्लाचे दुःख त्याच्याच कर्माचे असेल तर जोडी लावणाऱ्याचे त्यात काय? परंपरेने ही पळवाट बंद केलेली आहे. बौद्धांनी चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले, आणि जैनांनी हेतूच्याही पलीकडे जाऊन प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, हिंसेच्या व्याख्येतच स्थान दिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसा म्हणजे प्रमत्तयोगाने, बेसावध प्रवृत्तीने, प्राणांचा केलेला घात. भोगणाऱ्याचे कर्म त्याचे असते आणि निमित्त झालेल्याचे त्याचे स्वतंत्र असते. एक दुसऱ्याला पुसत नाही. साप हा जैन वर्गीकरणात पाच इंद्रिये असलेला, उराने सरपटणारा जीव असल्याने त्याला दुःख होते की नाही ही शंका तेथे उपस्थितच होत नाही; आधुनिक शास्त्रज्ञांचा एक गट २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात, सर्व पृष्ठवंशी प्राण्यांना जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे, येथवर आलेला आहे.

प्रमादाचा निकष लावला की दोषाचे माप ज्ञानावर ठरते. स्टारगेझरचे जनुक कोणालाच माहीत नव्हते तोवर त्याचे वाहक एकत्र आणणाऱ्याला बेसावध म्हणता येणार नाही. ते माहीत झाल्यावर, ‘वाहक ओळखू येत नाही’ हे उत्तर त्याच्या तोंडी शोभत नाही, कारण त्याचा सारा व्यवसाय ओळखू न येणाऱ्या गोष्टीच्या किमतीवर चालतो. रंगाचे न दिसणारे जनुक विक्रीच्या चिठ्ठीवर टक्केवारीसह लिहिता येत असेल आणि त्याचे पैसे घेता येत असतील, तर व्याधीचे न दिसणारे जनुक मात्र दैवाच्या खाती टाकता येत नाही. लाभासाठी अदृश्यावर विश्वास आणि हानीसाठी त्याच अदृश्याविषयी अज्ञेयवाद, ही दुहेरी भूमिका कोणत्याही दर्शनात टिकणारी नाही.

ओळखण्याची वाट मात्र स्वतःच निर्मळ नाही. प्रयोगशाळेतील चाचणीची सोय नसताना पाळणाऱ्यांजवळ एकच उपाय होता, तो परीक्षाप्रजननाचा: संशयित सापाची जोडी ज्ञात वाहकाशी लावायची आणि पिल्ले पाहायची. संशयित खरोखर वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू व्याधिग्रस्त असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. वाहक असूनही सोळाच्या सोळा पिल्ले निरोगी निघण्याची शक्यता सुमारे १ टक्का, म्हणून तेवढ्या निरोगी पिल्लांनंतर संशय बराचसा फिटतो. संशय खरा ठरला तर तो ठरवणारा पुरावा म्हणजे पाठीवर उलटणारी पिल्ले. पुढच्या अनेकांना वाचवण्यासाठी काहींना जाणूनबुजून व्याधीच्या शक्यतेत जन्माला घालावे, हा हिशेब उपयुक्ततावाद सहज मान्य करील. अहिंसेला महाव्रत मानणारा विचार तो करणार नाही, कारण तेथे साक्षीदार म्हणून जन्माला घातलेला जीव हाही साध्यच असतो, साधन नसतो. तिसरा मार्ग संशयित वंश थांबवण्याचा, आणि तो सर्वांत साधा आहे. त्याची किंमत एका रंगछटेपुरती असून ती माणसाने द्यायची आहे, तरी तो क्वचितच पहिला पर्याय म्हणून सुचतो, यावरून या विद्येत रंगाला कोणते स्थान मिळाले आहे ते कळते. आता टाकलेल्या कातेवरून काही जनुकांची तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा निघालेल्या आहेत. जेथे अशी तपासणी शक्य आहे तेथे परीक्षाप्रजननाचे समर्थन उरत नाही.

जैन आचारशास्त्राने श्रावकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, निषिद्ध ठरवलेल्या पंधरा व्यवसायांत असतीपोषण नावाचा एक आहे. हेमचंद्रांच्या योगशास्त्रात त्याचा अर्थ मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर इत्यादींचे आणि दासीचे द्रव्यासाठी केलेले पोषण असा दिला आहे. यात मांसभक्षक प्राणी आहेत तसे मैना-पोपटही आहेत, त्यामुळे निषेधाचा भर प्राण्याच्या आहारावर जितका आहे तितकाच ‘द्रव्यासाठी’ या अटीवर आहे, असे म्हणावे लागते. कॉर्न स्नेक दोन्ही बाजूंनी या कक्षेत येतो. प्रौढ साप साधारणतः आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर खातो आणि पंधरा-वीस वर्षे जगतो, म्हणजे एका सापामागे काहीशे उंदीर मारून, गोठवून ठेवले जातात. रानातला सापही उंदीर खातो, हे खरे. परंतु त्या सापाचा जन्म कोणी मागवलेला नसतो. सोळांत एक पांढरे पिल्लू मिळावे म्हणून जन्माला घातलेल्या उरलेल्या पंधरांच्या वाट्याचे उंदीर कोणाच्या हिशेबात मोडतात, हा प्रश्न रंगाच्या गणितात कधीच मांडला जात नाही.

व्याधीचा वाहक ठरलेल्या सापाचे पुढे काय करावे, यावर अनेक पाळणारे असा तोडगा काढतात की तो ‘केवळ पाळण्यासाठी, पैदाशीसाठी नाही’ असे सांगून विकावा किंवा देऊन टाकावा. निरोगी जीवाला मारण्यापेक्षा हे निःसंशय बरे, आणि प्रामाणिकही. तरी साप वीस वर्षे जगतो, त्या काळात तो दोन-तीन घरे बदलतो, आणि चिठ्ठीवर लिहिलेली सूचना पहिल्या नाही तर दुसऱ्या घरी हरवते. त्यानंतर त्या सापाकडे पाहणाऱ्याला एक देखणा, शांत, सनकिस्ड वंशातला साप तेवढा दिसतो, आणि त्याच्यासाठी जोडीदार शोधताना तो कोणाला काही विचारील याची शाश्वती नसते.